विमा नामचेलाच थांबला

"काकू, इन्शुरन्सचं टेन्शन घेऊ नका, पॅकेजमध्येच आहे." हे वाक्य मी तीन महिन्यांत दहा वेळा तरी ऐकलं असेल. सांगणारा आमच्या ट्रेकचा संयोजक. पोरगा तिशीतला, गोड बोलणारा, रविवारी सिंहगडावर सगळ्यांच्या पुढे. आम्ही नऊ जण त्याच्याबरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलो. मी आणि नवरा दोघंही पन्नाशी ओलांडलेले.

विम्याचे म्हणून त्याने माणशी ४,५०० रुपये वेगळे घेतले. पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली ती निघायच्या आदल्या रात्री साडेअकराला. चाळीस पानं. मी नावं आणि तारखा तपासल्या, 'नेपाळ' हा शब्द दिसला आणि झोपले. बँकेत एकतीस वर्षं लोकांना "सही करायच्या आधी वाचा हो" म्हणून सांगणारी बाई मी. पण विमा म्हटलं की आपल्या डोक्यात रेल्वेचं तिकीट असतं: ४५ पैसे, एक टिक, विषय संपला. त्यात नेपाळ आपल्याला परदेश वाटतच नाही. व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं. घरचा मेडिक्लेम मात्र बहुतेक वेळा भारताच्या हद्दीबाहेर चालत नाही, हे तेव्हा मनातही आलं नाही.

बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचेला, म्हणजे ४,९०० मीटरच्या वर, नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. रात्री दोनदा उलटी झाली. पहाटे गाइडने बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ७८. "दीदी, बहुत डेंजर. हेलिकॉप्टर बुलाना पड़ेगा. आपका तो इन्शुरन्स है." मी थरथरत होते, थंडीने आणि भीतीनेही. हो म्हणाले. त्या उंचीवर धडधाकट माणसाचा आकडाही ऐंशीच्या आसपास उतरतो, हे मला परत आल्यावर एका डॉक्टर मैत्रिणीकडून कळलं. नवरा स्वतःच्या पायांनी हेलिपॅडपर्यंत चालत गेला होता. दोन-तीन तासांच्या उतरणीवर फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, हंगामात तिथे डॉक्टर असतात. आधी तिथे उतरून दाखवू, असं गाइड एका शब्दाने बोलला नाही. (उंचीच्या त्रासात तोल जात असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर मात्र पैशांचा विचार करत बसू नका, मिळेल त्या मार्गाने ताबडतोब खाली आणा.)

हेलिकॉप्टरमध्ये आमच्याबरोबर दुसऱ्या गटातला आणखी एक 'पेशंट' होता. काठमांडूच्या रुग्णालयात दोन रात्री ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी नवरा डाळभात मागून खात होता. बिल आलं ५,१०० डॉलरचं: ४,००० हेलिकॉप्टरचे, बाकीचे रुग्णालयाचे. त्या दुसऱ्या पेशंटच्या हातातही ४,००० चंच बिल. फेरी एक आणि भाडं दोनदा! आम्ही कार्ड घासलं, सव्वाचार लाखांच्या वर गेले.

पुण्यात आल्यावर दावा लावला. नकाराच्या पत्रात दोन कारणं. एक, पॉलिसी साध्या सहलीची होती, ३,५०० मीटरच्या वरचं गिर्यारोहण आणि ट्रेकिंग तिच्यात वगळलेलं. वाटेतलं नामचे बाजार गाव ३,४४० मीटरवर आहे. म्हणजे आम्ही नामचे सोडून वर निघालो आणि विमा खालीच राहिला. दुसरं, हेलिकॉप्टर मागवण्याआधी कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर कळवून मंजुरी घेतली नव्हती. विमा कंपनीवर मी चिडू शकत नाही. एकोणिसाव्या पानावर छापलेलं होतं.

चिडले ती पुढच्या गोष्टीवर. पॉलिसीवर हप्ता लिहिला होता ९१२ रुपये. घेतले ४,५००. ५,३६४ मीटरच्या बेस कॅम्पला नेणाऱ्या माणसाला ३,५०० ची अट माहीत नसेल, हे मी मानत नाही. जाब विचारला तर म्हणतो, "काकू, त्यात सर्व्हिस चार्ज असतो."

हेलिकॉप्टरचा प्रकार तर जुनाच निघाला. २०१८ मध्ये नेपाळ सरकारने याची चौकशी केली होती. गरज नसताना ट्रेकरना खाली उतरवणं, एका फेरीत अनेकांना बसवून प्रत्येकाच्या विम्यावर पूर्ण भाडं लावणं, आणि यात ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टरवाले, रुग्णालयं सगळ्यांचे हात गुंतलेले, हे तेव्हाच बाहेर आलं होतं.

आता ट्रेकच्या विम्याबद्दल कुणी विचारलं तर मी आधी एकच विचारते: तुझ्या पॉलिसीत उंचीची मर्यादा किती मीटर? आकडा सांगता आला नाही तर विमा नाही असं धरायचं. उंचीची मर्यादा वाढवून देणारी, साहसी खेळांचं जादा कवच असलेली पॉलिसी वेगळी मिळते आणि अर्थात महाग असते. हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात शब्दांत लिहिलेला हवा, कारण नुसत्या 'वैद्यकीय खर्चात' तो धरलेला असेलच असं नाही. बीपीची गोळी चालू असेल तर फॉर्ममध्ये लिहायचीच, एजंट कितीही "राहू द्या" म्हणाला तरी. पॉलिसी स्वतः, स्वतःच्या ईमेलवर घ्यायची, आणि मदत क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवायचा. लोबुचेत फोनची बॅटरी थंडीने बसते, माझी बसलीच होती.

विमा लोकपालाकडे जायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मुंबई-पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं. पण आमचं भांडण कंपनीशी नव्हतंच. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात संयोजकाविरुद्ध तक्रार केली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपवरचं त्याचं "सगळं कव्हर आहे" छापून जोडलंय. सध्या तारखा पडताहेत.

मागच्या रविवारी सिंहगडावर दही खात बसलो होतो, तर हा संयोजक समोरच पुढच्या बॅचची पत्रकं वाटत होता. आम्हाला पाहून वळला. नवऱ्याने उठून त्याच्या हातातून एक मागून घेतलं. मागच्या बाजूला, जेवणाच्या खाली, तसंच छापलेलं आहे: 'विमा समाविष्ट'.