कंपाउंडचा टाइमलॉक: दोन दिवसांची उसंत

मिरकरवाडा बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होड्या आत घ्यायला वेळ मिळतो. कंपाउंड या इथेरियमवरच्या कर्ज देण्या-घेण्याच्या मंचाचा टाइमलॉक, म्हणजे बदल लगेच लागू होऊ न देणारं कुलूप, तेच काम करतो. कॉम्प या त्याच्या टोकनधारकांच्या मतदानात मंजूर झालेला बदल किमान 2 दिवस रांगेत थांबतो. तारणाचा नवा नियम पटला नाही, तर तेवढ्यात कर्ज फेडून पैसे काढायचे. सांगावा मात्र घरी येत नाही. इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ‘क्यू ट्रान्झॅक्शन’ (बदल रांगेत लागल्याची नोंद) दिसलं की त्यातला ‘ईटीए’, म्हणजे बदल लवकरात लवकर लागू होण्याची वेळ, पाहा. तो युनिक्स सेकंदांत, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या सेकंदांत असतो, यूटीसी वेळ काढून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा.

खोट मोठी आहे: 2021 मध्ये कॉम्प टोकन चुकीने वाटले जात होते, तेव्हा दुरुस्तीलाही याच रांगेत थांबावं लागलं. तरी उशीर परवडला. बीनस्टॉक या दुसऱ्या क्रिप्टो प्रकल्पामध्ये तातडीच्या मंजुरीची पळवाट होती, 2022 साली तिच्यातूनच तिजोरी रिकामी झाली.