कॉम्प्रेसरचे आइस्क्रीम मशीन आणि घरचा कॉफी जेलाटो : काही महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यातील आमच्या स्वयंपाकघरात आलेले हे मशीन पावसाळा सरत आला तरी नियमित चालू आहे, आणि त्यावर सर्वाधिक वेळा झालेला पदार्थ म्हणजे कॉफी जेलाटो, अर्थात इटालियन धाटणीचे कॉफीचे आइस्क्रीम. अनुभवाअंती माझे मत असे बनले आहे की मशीन आपले गोठवण्याचे काम चोख करते, परंतु जेलाटो मऊ होणार की दाताखाली बर्फ लागणार, हे मशीनमध्ये ओतलेल्या मिश्रणात मोकळे पाणी किती आहे यावर ठरते. कॉफीच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे, कारण कॉफी सहसा पाण्यातूनच दुधात येते.

बाजारात दोन प्रकारची घरगुती मशीन मिळतात. एका प्रकारात जाड भिंतीचे भांडे आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवावे लागते. दुसऱ्यात फ्रीजसारखाच कॉम्प्रेसर असतो. आमचे दुसऱ्या प्रकारचे आहे. ते महाग आणि जड आहे, ओट्यावर कायमची जागा अडवते आणि हवा खेळण्यासाठी मागे-बाजूला मोकळी जागा मागते, पण एक घाणा काढून लगेच दुसरा लावता येतो. मशीन हलवल्यानंतर ते सरळ ठेवून काही तास थांबूनच सुरू करावे, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल पुन्हा खाली बसते.

एप्रिल-मे महिन्यांत मात्र मर्यादा जाणवली. पावसाळ्यात साधारण अर्ध्या तासात जमणारे मिश्रण उन्हाळ्याच्या दुपारी पाऊण तास घेत असे, आणि गोठण्यास जितका वेळ लागतो तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. इटलीतील जेलाटेरियांमध्ये, म्हणजे जेलाटोच्या दुकानांमध्ये, मोठ्या यंत्रातून हेच काम दहा-बारा मिनिटांत होते. घरी यावर उपाय एवढाच, की मिश्रण फ्रीजमध्ये 4 अंशांपर्यंत पूर्ण थंड करावे, ओतण्यापूर्वी दहा मिनिटे मशीन रिकामेच चालवून भांडे गार करावे आणि क्षमतेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. मी आता पहाटेच मशीन लावते.

कॉफी कशी घालावी, यावर मी बराच काळ प्रयोग केले. एस्प्रेसो किंवा मोका पॉटमधील (चुलीवर ठेवायच्या इटालियन किटलीतील) कॉफी घातली की चव ठसठशीत येते, पण तिच्याबरोबर येणारे पाणी पोत बिघडवते. इन्स्टंट कॉफीमुळे पाण्याचा प्रश्न मिटतो, पण सुगंध उरत नाही. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पुडीत बहुधा चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) असते. तिचा कडवटपणा गरम दुधात आवडतो, गोठल्यावर मात्र तोच पुढे येतो. दळलेली पूड दुधात उकळल्यास तुरटपणा उतरतो आणि गाळणीतून निसटलेला बारीक चोथा जिभेला शेवटपर्यंत जाणवतो.

सर्वांत उत्तम ठरली ती इटलीत रूढ असलेली पद्धत: भाजलेल्या अख्ख्या बिया, न दळता, थंड मिश्रणात रात्रभर मुरत ठेवणे. एक किलो मिश्रणाला मी मध्यम भाजलेल्या चिकमगळूरच्या अरेबिका बिया 60 ग्रॅम घेते. थंड दुधात बियांमधील कडू आणि तुरट अंश फारसा सुटत नाही, पण सुगंधी तेले दुधातील स्निग्धांशात उतरतात. सकाळी झाकण उघडल्यावर रंग जेमतेम मलईसारखा दिसतो, बियांवर तुपकट चकाकी आलेली असते, आणि वास मात्र नुकत्याच फोडलेल्या कॉफीच्या पाकिटाचा येतो. पांढऱ्या जेलाटोला कॉफीची इतकी स्वच्छ चव आहे, यावर पहिला घास घेतल्याशिवाय कोणाचाही विश्वास बसत नाही. बिया ताज्या भाजलेल्या हव्यात. पाकिटावरील भाजल्याची तारीख पाहूनच मी त्या घेते. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, आणि तिथल्या बिया मिळाल्या तर त्यांचाही जेलाटो करून पाहण्याची माझी मनापासून इच्छा आहे.

आता मिश्रणाचे प्रमाण. गाईचे दूध 610 ग्रॅम, 25 टक्के स्निग्धांशाचे क्रीम 160 ग्रॅम, साखर 130 ग्रॅम, डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पूड) 45 ग्रॅम, साय काढलेल्या दुधाची पावडर 50 ग्रॅम, गवार गम (गवारीच्या बियांपासूनची, मिश्रण दाट करणारी पूड) 2 ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. यात स्निग्धांश सुमारे 6 टक्के येतो, म्हणजे तो आइस्क्रीमपेक्षा कमी आणि जेलाटोला साजेसा आहे. म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध वापरल्यास क्रीम बरेच कमी करावे, नाहीतर टाळूला तुपकट थर बसतो आणि कॉफीची चव दबते. डेक्स्ट्रोज साखरेपेक्षा कमी गोड असते, पण वजनाच्या मानाने मिश्रणाचा गोठणबिंदू जवळजवळ दुप्पट उतरवते. त्यामुळे गोडी न वाढवता मऊपणा मिळतो. दूध पावडर पाणी धरून ठेवते, मात्र ती फार वाढवली तर दुग्धशर्करेचे कण होऊन जेलाटो रवाळ लागतो. गवार गम साखरेत कोरडाच मिसळून घ्यावा. थेट दुधात टाकला तर त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत.

सर्व जिन्नस 85 अंशांपर्यंत तापवून, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करावेत आणि मग त्यात बिया घालाव्यात. मिश्रण मुरणे आणि सुगंध उतरणे अशी दोन्ही कामे एकाच रात्री होतात. बियांना चिकटून थोडे मिश्रण वाया जाते, ते जाऊ द्यावे.

मशीनमधून निघालेला जेलाटो फार मऊ असतो. तो आधीच गार केलेल्या उथळ डब्यात भरून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवावा. फ्रीजरच्या उणे 18 अंशांत तो कडक होतो. उणे 12-13 अंशांना त्याचा पोत खरा खुलतो, म्हणून वाढण्यापूर्वी डबा पंधरा मिनिटे फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. आठवड्याच्या आत तो संपवलेला बरा, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमधील तापमान सतत वरखाली होते, स्फटिक वाढतात आणि कॉफीचा सुगंधही उडतो.

तक्रार करावी अशी गोष्ट एकच. फिरणारे पाते प्लास्टिकचे आहे आणि ते भांड्याच्या भिंतीला पूर्ण टेकत नाही. भिंतीवर गोठलेला पातळ थर राहतो आणि तो थर पुढील गारवा आत पोहोचू देत नाही. त्या पात्याची कड काही महिन्यांतच झिजली, आणि सुटे पाते मिळवण्यासाठी कंपनीकडे अनेक आठवडे पाठपुरावा करावा लागला. कोणत्याही कंपनीचे मशीन घ्या, पाते सुटे मिळते का आणि कितीला, हे विक्रेत्याकडून लेखी घेऊनच पैसे द्यावेत.