‘हर्बल’ पाकिटात पीपीडी निघालं

अर्ध्या तासात पांढरे केस काळेभोर करणारी मेहंदी निव्वळ झाडपाल्याची असूच शकत नाही. मेहंदीच्या पानातलं रंगद्रव्य म्हणजे लॉसोन. त्याने केस नारिंगी-तांबूस होतात, काळे होत नाहीत. काळ्याकडे न्यायचे तर नीळ लागते आणि तीही सावकाश चढते. विकणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, तरी ते राजरोस खोटं बोलतात.

मी ऑनलाइन पावडर मागवण्याआधी विक्रेत्याला सरळ विचारलं होतं, ‘यात पीपीडी, म्हणजे केमिकल डायमधलं काळा रंग देणारं रसायन, आहे का?’ उत्तर आलं, ‘मॅडम, शंभर टक्के हर्बल, अमोनियासुद्धा नाही. केमिकल डायने कॅन्सर होतो, म्हणून तर लोक आमच्याकडे वळतात.’ पाकिटावरही मेहंदी, नीळ आणि आणखी चार वनस्पतींची नावं, बाकी काही नाही. अमोनियाचा मुद्दा निव्वळ दिशाभूल होता. अमोनिया केसाचं बाहेरचं आवरण उघडतो. काळा रंग तयार होतो तो पॅरा-फेनिलीनडायअमाईनपासून, म्हणजे पीपीडीपासून. अमोनिया नसला म्हणून पीपीडी नसतं असं नाही.

केस धुतल्यावर काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाळूला खाज सुटली, रात्री कपाळाची कड लाल झाली आणि सकाळी पापण्या इतक्या सुजल्या होत्या की एक डोळा उघडेना. कानामागची कातडी ओली झाली होती, उशीच्या अभ्र्याला चिकटत होती. ही ॲलर्जी अशीच उशिरा, साधारण एक ते तीन दिवसांत वर येते. त्यामुळे कित्येकांना रंगाचा संशयच येत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणतो, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, लावत राहा.’ या सल्ल्याचा मला अजूनही संताप येतो. ॲलर्जी झालेल्या माणसाने तोच रंग पुन्हा लावला तर त्रास आणखी वाढू शकतो आणि क्वचित श्वासावरही बेतू शकतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी सूज उतरल्यावर पाठीवर पॅच टेस्ट केली, म्हणजे संशयित रसायनांच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या. पट्ट्या काढल्या तेव्हा पीपीडीच्या जागी लालभडक फोड होता. उरलेली पावडर मी प्रयोगशाळेत तपासून घेतली, तीत पीपीडी निघालं. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. शिवाय काही गडद कपड्यांमधले ‘अझो’ नावाचे कृत्रिम रंग आणि बधिर करणाऱ्या मलमांतलं बेंझोकेन यांचाही अशा माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणून अशा टाळायच्या गोष्टींची यादी आता माझ्या फाइलमध्ये आहे.

मुळात पीपीडी असलेला डाय चोरून विकावा लागत नाही. युरोपीय संघात केसांवर लावायच्या मिश्रणात ते 2 टक्क्यांपर्यंत चालतं, पण ॲलर्जीचा इशारा खोक्यावर छापावाच लागतो. मला विकलेल्या पाकिटात नेमका तो इशाराच गिळला होता.

कॅन्सरची भीती दाखवून माल खपवतात, म्हणून त्याबद्दलही लिहिते. रंगांच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी 1895 मध्येच दाखवलं होतं. बेंझिडीन आणि 2-नॅफ्थिलअमाईन ही तिथली रसायनं त्यातली पुढे सिद्ध झालेली कारणं. केसांच्या रंगांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालेलं मत असं: केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना ‘बहुधा’ धोका आहे, घरी स्वतःपुरता रंग लावणाऱ्यांबद्दल ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. म्हणजे दिवसभर उघड्या हातांनी दुसऱ्यांचे केस रंगवणाऱ्यांची काळजी जास्त करायला हवी. हातमोजे आणि खेळती हवा ही त्यांची गरज आहे.

पावडरीत पाणी घातल्यावर लेप काही मिनिटांत काळा पडू लागला, तर तो डोक्याला लावू नका. कोणताही नवा रंग आधी थोडासा त्वचेवर लावून 48 तास थांबा. मात्र पूर्वी कधी त्रास झाला असेल तर ही चाचणीही घरी नको, डॉक्टरांकडेच करा. आणि सूज आलीच, तर केस भरपूर पाण्याने धुवा, दवाखाना गाठा आणि रिकामं पाकीट बॅच नंबरसकट जपून ठेवा. माझी तक्रार दाखल झाली ती त्या पाकिटामुळे आणि विक्रेत्याच्या लेखी उत्तरामुळे.