पद्मिनीच्या त्रिकोणी काचेसाठी कुर्ल्याला

बाबांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं बिल्डिंगखाली धूळ खात होती. यंदा ती चालू करायचीच म्हणून गॅरेजवाल्या मामांना बोलावलं, तर त्यांनी आधी बोट ठेवलं ते पुढच्या डाव्या दाराच्या त्रिकोणी काचेवर. फ्रेमचा गंजून नुसता भुगा. रबर, ब्रेकचं सामान अजून नवं मिळतं, पण ही फ्रेम? "ताई, ही आता जुन्या गाडीतूनच काढावी लागणार."

म्हणून आम्ही दोघं कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या एका आतल्या गल्लीतल्या भंगाराच्या गोदामात. बोर्ड वगैरे काही नाही. पद्मिनी बनायची ती कुर्ल्यातच, त्यामुळे माहेरी आल्यासारखंच झालं तिचं. आत तीन पद्मिन्या एकावर एक रचलेल्या. सगळ्यात खालची काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरली. ही त्याच्या बरीच आधी आलेली असावी, कारण तिच्या बोनेटमधून पिंपळ उगवला होता.

इथली मोठी सोय म्हणजे पार्ट स्वतः काढू देतात. त्यांच्या पोऱ्यांच्या हातात पहार दिली तर काच गेलीच म्हणून समजा. मामांनी आधी दाराचं हँडल आणि आतला पुठ्ठा काढला, मोठी काच खाली सोडली. फ्रेमचे वरचे स्क्रू सुटले, पण दाराच्या पोटातला खालचा बोल्ट हलेना. त्यावर डिझेल सोडलं आणि आम्ही चहाला गेलो. अर्ध्या तासाने मामांनी बोल्ट आधी थोडा आवळला, मग सोडवला. "सरळ उलटा फिरवला असता तर तुटला असता." फ्रेम काचेसकट अख्खी हातात आली! रबर मात्र पापडासारखं तुटलं. ते तसंही नवंच घालायचं होतं.

भाव १,८०० रुपये. मागच्या दिव्यांच्या दोन लाल काचा ६००. काढायच्या आधी फ्रेमचे १,२०० ठरले होते, काढल्यावर वाढले, म्हणून गोदामाला पाचपैकी गुण देताना मी एक कापलेला आहे. भाव आधी कागदावर लिहून घ्या. दुसरा गुण कापला तो बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोसाठी. "चालू है मॅडम, गॅरंटी," म्हणत ९०० घेतले, घरी बसवला तर चार्जिंगच नाही. परत घेऊन गेले, तर मालकांनी थंडपणे विचारलं, "बिल है?" बिल त्यांनीच दिलं नव्हतं.

टॅक्सीचा माल घेणार असाल तर डावं पुढचं मडगार्ड नीट बघून घ्या. जुना मीटर बाहेर डाव्या बाजूला असायचा, त्यामुळे तिथे भोकं असतात आणि पुट्टी भरून ती लपवलेली असतात. इंजिनाच्या नादी लागूच नका. सीएनजीवर लाखो किलोमीटर घासलेलं असतं. चासी नंबर (गाडीची ओळख सांगणारा नंबर) असलेला पत्र्याचा तुकडा कुणी गळ्यात मारू लागलं तर सरळ बाहेर पडा. गोदामातल्या त्या टॅक्सीला नंबराच्या जागी चौकोनी भोक होतं. म्हणजे नंबर कापून आरटीओत जमा झालेला, गाडी रीतसर मोडीत निघालेली. ते बघून मला जरा बरं वाटलं.

काच बसली त्या संध्याकाळी बाबा पुढच्या डाव्या सीटवर बसले. गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही, तरी त्यांनी ती काच उलटी फिरवली, वारा तोंडावर येतो तशी, आणि म्हणाले, "थोडी घट्ट आहे."

पाचपैकी तीन. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, मालक नमाजाला गेलेले असतात. आणि मधल्या गाडीचा मागचा बंपर एकदम सरळ आहे. तेवढा माझ्यासाठी ठेवा, पुढच्या पगाराला येतेय.