टाकी, बूस्टर की पाईप? छोट्या शहराचं पाणी ठरवण्याआधी

निपाणी असो, संकेश्वर असो, चिकोडी नाहीतर खानापूर, आपल्या सीमाभागात पाण्याचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली, नवी टाकी बांधा. मी बरीच वर्षं पाईपलाईनच्या कामावर आहे. आमच्या वॉर्डातल्या नव्या मेंबर मंडळींनी विचारलं की टाकी बांधायची, बूस्टर (लाईनीत प्रेशर वाढवणारा पंप) बसवायचा का पाईप बदलायचे, एकदा सगळं समोर मांडून सांगा. म्हणून लिहितोय, जरा मोठं होईल, पण कोटींचा खर्च आहे तर दहा मिनिटं वाचा.

आधी एक गोष्ट पक्की धरा. साठा कमी असणं आणि प्रेशर कमी असणं हे दोन वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

परवा पहाटे पावणेसहाला वरच्या माळावरच्या शेवटच्या घरी प्रेशर गेज घेऊन गेलो होतो. तिथल्या काकूंनी दारात नळासाठी खड्डा काढलाय, गुडघ्याएवढा, उतरायला दोन दगड ठेवलेत, आणि नळ त्या खड्ड्यात, रस्त्याच्या लेव्हलच्याही खाली, कारण वर घेतला तर पाणीच चढत नाही. गेज लावला तर काटा ०.२ किलोवर, म्हणजे पाणी जेमतेम दोन मीटर चढेल एवढंच. सव्वासहाला शेजारच्या तीन घरांच्या मोटरी सुरू झाल्या आणि काटा शून्यावर बसला, नळाच्या तोंडाला हात लावला तर नळ हवा आत ओढत होता. काकू म्हणाल्या, "बघा की, आता अर्ध्या घागरीवरच थांबतंय." आणि त्याच लाईनवर खालच्या गल्लीत त्याच वेळी दीड किलो प्रेशर होतं, लोक गाड्या धूत होते. आता सांगा, इथं पाणी कमी आहे का? पाणी आहे, वर पोचत नाही. आणि नळ हवा ओढतो तेव्हा पाईपला कुठं चीर असेल तर गटारीचं पाणीही तसंच आत ओढलं जातं. पावसाळ्यात पिवळं पाणी येतं, पोरं आजारी पडतात, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं.

हिशेब सोपा आहे. एक किलो प्रेशर म्हणजे पाण्याची साधारण १० मीटर उंची. सीपीएचईईओ, म्हणजे केंद्राची पाणीपुरवठ्याचे नियम ठरवणारी तांत्रिक संस्था, तिच्या १९९९ च्या मॅन्युअलप्रमाणे नळाच्या टोकाला एक मजली घराला ७ मीटर, दुमजलीला १२ आणि तीन मजलीला १७ मीटर प्रेशर उरायला हवं होतं. काकूंकडं २ आहे.

आता पहिला पर्याय, उंच टाकी. हिच्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे टाकी मोठी की प्रेशर जास्त. तसं नसतं. १५ मीटर उंचीवर दोन लाख लिटरची टाकी ठेवा नाहीतर दहा लाखाची, प्रेशर तेवढंच, ते उंचीवर आहे, पोटावर नाही. पोटाचा उपयोग वेगळा, सकाळी सहा ते आठ सगळं गाव एकदम नळ सोडतं तेव्हा पंप तेवढं देऊ शकत नाही, ते पाणी रात्रीत भरून ठेवलेल्या टाकीतून जातं. ७० हजार वस्तीला माणशी १३५ लिटरनं दिवसाला ९४ लाख लिटर लागतं, त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे साधारण ३१ लाख लिटरची सोय टाक्यांत असली तर बरं चालतं. तुमच्याकडच्या सगळ्या टाक्यांची बेरीज करून बघा, तिथवर पोचत असेल तर नव्या टाकीची गरज साठ्यासाठी नाही. टाकीचा खरा फायदा लाईट गेल्यावर कळतो. आपल्याकडं वळीव झाला की दोन-दोन तास लाईट नसते, पण भरलेली टाकी पाणी देतच राहते, तिला कुणाची परवानगी लागत नाही. तोटे म्हणजे जागा, पैसा आणि वेळ, शिवाय एकदा चुकीच्या जागी उभी राहिली की हलवता येत नाही. आमच्या भागात एका गावात जागा फुकट मिळाली म्हणून सखल भागात मोठी टाकी बांधली, उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि वरच्या गल्लीत पाणी जसं होतं तसंच. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्याच पैशात वर माळावर जमिनीलगतची टाकी झाली असती, तिला खांबांचा खर्चही लागला नसता. ज्या गावाला टेकडी आहे त्यानं खांबावरच्या टाकीआधी टेकडी बघावी.

दुसरा पर्याय, खाली संप (जमिनीतली टाकी) बांधायचा आणि बूस्टर पंपानं थेट लाईनीत प्रेशर द्यायचं. चार-सहा महिन्यांत उभं राहतं, जागा कमी लागते, आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावला तर मागणीप्रमाणे पंप हळू-जोरात चालतो. विजेचं म्हणाल तर एक लाख लिटर पाणी २० मीटर उचलायला साधारण ९ युनिट लागतात, टाकीत चढवा नाहीतर लाईनीत ढकला, फरक फार नाही. फरक वेळेचा आहे. टाकी तुम्ही रात्री लाईट असेल तेव्हा भरू शकता, बूस्टर मात्र लोकांना पाणी पाहिजे त्याच वेळी चालला पाहिजे. लाईट गेली की प्रेशर त्याच सेकंदाला शून्य, आणि मोटर अशी झटक्यात बंद पडली की लाईनीत दणका बसतो, जुने सांधे उघडतात. म्हणजे जनरेटर पाहिजे, जादा पंप पाहिजे, पॅनल समजणारा माणूस चोवीस तास पाहिजे. तेवढी माणसं तुमच्याकडं आहेत का, हे प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. माझं मत, एखादाच उंच कोपरा असेल, दोन-तीनशे घरांचा, तर तिथं बूस्टर योग्य, अख्ख्या शहराला नको.

तिसरा पर्याय पाईप बदलायचा, आणि ह्याच्यावर कुणी फोटो काढत नाही कारण सगळं जमिनीखाली जातं. पण मी जरा जास्त लिहिणार, कारण बहुतेक ठिकाणी दुखणं इथंच सापडतं. पाचशे घरांच्या वॉर्डाला सकाळच्या गर्दीत सेकंदाला १० लिटर पाणी लागतं असं धरा. तेवढं पाणी जुन्या गंजलेल्या १०० मिलिमीटरच्या पाईपातून एक किलोमीटर न्यायचं तर वाटेतल्या घर्षणातच ३० मीटर प्रेशर खलास होतं. टाकी १५ मीटर उंच, आणि वाटेत जातंय ३०! तिथं पाणी पोचणारच नाही, थोडं थोडं ठिबकत येईल. तोच पाईप १५० चा केला तर ३० चे साधारण ४ मीटर होतात. नुसता दीडपट व्यास, आणि घर्षण सातव्या हिश्शावर. कुठली नवी टाकी एवढं काम करणार? शिवाय गल्लीत जिथं लाईन संपते ती दोन टोकं एकमेकांना जोडा, पाणी दोन्हीकडून येतं, तेवढ्यानंही शेवटच्या घराला फरक जाणवतो.

पाईपच्या कामाला त्रास आहे, खोटं बोलणार नाही. रस्ते उकरावे लागतात, दुकानदार ओरडतात, नवीन केलेला डांबरी रस्ता पुन्हा फोडला की लोक शिव्या देतात. पण गळती न थांबवता टाकी किंवा बूस्टरनं प्रेशर वाढवलं तर आधी गळतीच वाढते, जास्त प्रेशरला भोकातून जास्तच पाणी जाणार. गळती बघायची साधी रीत आहे. रात्री दोन ते चार टाकी भरणं थांबवून तिचा एकच वॉर्ड चालू ठेवा आणि टाकीतली लेव्हल मोजा. १० मीटर व्यासाच्या टाकीत १० सेंटिमीटर पाणी उतरलं म्हणजे जवळपास आठ हजार लिटर गेलं. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, घरातल्या टाक्या भरून झालेल्या असतात, मग ते गेलं कुठं?

बेळगावकडं बघा. शहराला पाणी राकसकोप जलाशयातून आणि हिडकल धरणातून येतं, हिडकलचं तर खालून पंपानं उचलून आणावं लागतं, एवढं महाग पाणी. तिथं जागतिक बँकेच्या कर्जातून २००८ च्या सुमाराला काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं तेव्हा मुख्य काम जुने पाईप काढून नवे घालणं आणि घरोघरी मीटर बसवणं हेच होतं. सतत प्रेशर असलं की बाहेरचं घाण पाणी आत शिरत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

चौथा पर्याय कुणी ठरवलेला नाही पण सगळीकडं चालू आहे, प्रत्येकानं आपला संप, आपली मोटर, गच्चीवर काळी टाकी. दहा हजार घरं आणि प्रत्येकी हजार लिटर धरलं तर एक कोटी लिटर झालं! म्हणजे साठा गावानं स्वतःच्या खिशातून आधीच बांधलाय, नगरपालिका बांधेल त्यापेक्षा मोठा. पण तो ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्याच गच्चीवर आहे. खड्ड्यातल्या नळावर बसलेल्या काकूंना त्याचा काय उपयोग? त्यांचं पाणी तर त्याच मोटरी ओढतायत. उघड्या संपात डासही होतात, डेंग्यूच्या सीझनला ते वेगळंच.

पुराचं एक वेगळं. जुलै २०२१ ला निपाणीशेजारच्या यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, तशा वेळी नदीकाठचे पंप बंद ठेवावे लागले तर नदी दुथडी आणि नळ कोरडे. तिथं शहरातली टाकी फार तर एक दिवस निभावते, पुढं तलावासारखा दुसरा सोर्सच लागतो. निपाणीला जवाहर तलाव आहे, ज्या गावाला असं काही नाही त्यानं त्याचा वेगळा विचार करावा, टाकीच्या टेंडरात ते बसणार नाही.

मला विचाराल तर क्रम असा लावा, आधी गळती आणि बारीक पाईप, मग दोन टोकांची जोडणी आणि वॉर्डाप्रमाणे व्हॉल्व्ह, मग उंचावर मध्यम टाकी, आणि बूस्टर फक्त उरलेल्या कोपऱ्याला. तुमच्या टाक्यांची बेरीज वर सांगितलेल्या तिसऱ्या हिश्शाच्याही खरंच निम्म्यावर असेल तर मात्र टाकी वर घ्या, त्याला माझी ना नाही.

टेंडर काढण्याआधी एवढं करा. हार्डवेअरच्या दुकानात सात किलोपर्यंतचा गेज मिळतो. पाणी सुटण्याच्या दिवशी टाकीजवळचं घर, मधलं घर आणि शेवटचं घर, तिन्हीकडं एकाच वेळी माणूस बसवून दर पंधरा मिनिटाला आकडा लिहा. टाकीजवळच कमी असेल तर उंची कमी पडतेय, टाकीजवळ चांगलं आणि शेवटी शून्य असेल तर पाईप. आणि हे मे महिन्यातच करा, पावसाळ्यात लोक पाणी कमी घेतात आणि आकडे उगाच चांगले दिसतात.