एक्झिक्युटिव्ह चेअर कार, काही महिने वापरल्यानंतर: दुप्पट पैसे फक्त फिरत्या सीटचे

मागच्या फेरीत एक्झिक्युटिव्ह चेअर कारमधली आमची सीट फिरली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. गाडी कोणती, मार्ग कोणता ते मुद्दाम देत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. शिवाय मला सांगायचं आहे ते एका गाडीपुरतं नाहीच. दिवसभर बसून जायच्या लांबच्या गाड्यांना हा जो महागडा वर्ग जोडला आहे, त्यात दुप्पट पैसे मोजून माणसाच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब आता माझ्यापुरता लागला आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूरच्या शहरात आहे. माय सत्तरीच्या पुढची, काही महिने त्याच्याकडे, काही महिने गावात. तिला नेणं-आणणं माझ्याकडे. आधी रात्रीच्या गाडीनं स्लीपर नाहीतर थर्ड एसीत जायचो. दिवसाची चेअर कार मिळायला लागली तशी माय म्हणाली, रात्रभर डोळा लागत नाही, त्यापेक्षा उजेडाउजेडी पोचू. म्हणून पहिल्यांदा साध्या चेअर कारचं, म्हणजे सीसीचं तिकीट काढलं. थंडगार डबा, स्वच्छ संडास, गाडीही बऱ्यापैकी वेळेवर. तक्रारीला जागा नव्हती. पण गाडी सुटून अर्धा तास झाला नाही तोच मायनं पदर तोंडाला लावला. "मले उलटं काहून बसवलं? पोटात कालवते," म्हणाली.

आमच्या दोन्ही सीटा गाडीच्या उलट तोंडानं होत्या.

सीसीच्या डब्यात सीटा पक्क्या बसवलेल्या असतात. अर्ध्या डब्याचं तोंड एकीकडे, अर्ध्याचं दुसरीकडे. वंदे भारतच्या सीसी डब्यात ७८ सीटा असतात, त्यांतलेही निम्मे लोक पाठीकडे प्रवास करतात. पुष्कळांना त्याचं काही वाटत नाही, मला स्वतःला वाटत नाही. पण ज्याला एसटीत मळमळतं, घाटात डोकं गरगरतं, त्याला हे बाधतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात, आणि बाहेरचं शेत समोरून येण्याऐवजी पाठीमागून निसटत राहतं. मायनं ती सगळी वाट डोळे मिटून काढली. सोबत बांधलेली भाकरी-चटणी तशीच परत निघाली.

आता तुम्ही म्हणाल, तिकीट काढताना बघायचं. तिथेच तर अडतं. तिकिटाच्या फॉर्मवर चेअर कारसाठी खिडकीची पसंती देता येते, तोंड कुठल्या दिशेला हवं ते सांगता येत नाही. सीट नंबर पाठ करूनही उपयोग नाही, कारण गाडी शेवटच्या स्टेशनावरून वळवून आणत नाहीत, तशीच उलट्या दिशेनं निघते. जाताना जो नंबर सुलट होता तोच येताना उलट होतो. मार्गावर मध्येच दिशा बदलत असेल तर आणखी गोंधळ. मनमाडहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडला इंजिन बदलून उलट्या दिशेनं निघावं लागायचं. कॉर्ड लाइन, म्हणजे दौंड स्टेशन टाळून थेट जोडणारा रूळ, झाल्यापासून तिच्यावरून जाणाऱ्या गाड्यांचं ते काम वाचलं. पण जिथे अजून असं होतं, तिथे निम्मी वाट सुलट आणि निम्मी उलट.

गंमत अशी की जुन्या डब्यांत ही अडचण नव्हतीच. आमची माय लग्न होऊन आली ती शकुंतलेनं. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज, मध्ये आमचं दारव्हा. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली. लाकडी बाक, समोरासमोर. ज्याला उलटं सोसत नाही तो समोरच्याला म्हणायचा, जरा इकडं बसता का, आणि तो बसायचा. आजही जनरल डब्यात, स्लीपरमध्ये तसंच चालतं. समोर माणूस असला की अदलाबदल एका वाक्यात होते. चेअर कारमध्ये समोर सीटची पाठ. सुलट्या बाजूचा माणूस डब्याच्या दुसऱ्या टोकाला, त्याचं कुटुंब त्याच्याजवळ, त्याचा लॅपटॉप उघडलेला. तो का उठेल?

म्हणून पुढच्या वेळी ईसी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह चेअर कार, काढली. वंदे भारतसारख्या गाडीत या वर्गाच्या सीटा १८० अंशांत फिरतात, हेच एक कारण. भावानं पैसे देऊ केले होते, पण ते घ्यायला मन झालं नाही. भाडं सीसीच्या जवळपास दुप्पट. दोघांचं जाणं-येणं धरलं तर नुसता फरकच सोयाबीनच्या एका क्विंटलच्या पुढे जातो, तोही २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा हमीभाव धरून. आणि त्या भावानं सोयाबीन खरोखर विकलं गेलं का, ते इथल्या शेतकऱ्याला विचारा. मायला भाडं सांगितलं नाही. तिनं शेजारच्या बाईकडून काढून घेतलंच. "कायले एवढा पैसा उडवतं बाप्पा," एवढंच बोलली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पण त्या दिवशी तिनं डबा उघडला. भाकरी खाल्ली, वरून माझ्या वाटच्या ठेच्यातलाही घेतला. उतरल्यावर स्वतःच्या पायानं जिना चढली. आधीच्या फेरीत तिला धरून उतरवावं लागलं होतं. तेव्हा माझं मत झालं, की म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल तर हा वर्ग पैसे वसूल आहे.

त्या मताला आता मी बरीच कात्री लावली आहे.

दोन-तीन फेऱ्यांत नव्याचे नऊ दिवस सरले आणि दिसायला लागलं की बाकीच्या सोयींचं वजन फारसं नाही. सीट रुंद आहे, दोन-दोनच्या रांगा आहेत, हात टेकायला भांडण नाही. ठीक. पण साध्या सीसीची सीटही वाईट नाही. वंदे भारतच्या पहिल्या गाड्यांबद्दल पाठ मागे जात नाही अशी ओरड होती, नंतरच्या गाड्यांत ते सुधारलं. २०२३ मध्ये जे बदल केले त्यांत पाठ आणखी कलणं, गादी मऊ करणं, पाणी उडू नये म्हणून बेसिन खोल करणं हेही होतं. ईसीत पाय ठेवायची पट्टी लांबवली ती त्याच वेळी. म्हणजे सुधारणा दोन्ही वर्गांत झाल्या. आठ डब्यांच्या गाडीत ईसीचा एकच डबा, ५३० पैकी ५२ सीटा. त्या ५२ जणांना बाकी ४७८ जणांपेक्षा खऱ्या अर्थानं वेगळं काय मिळतं, असं मला कोणी विचारलं तर मी पेडलकडे बोट दाखवेन. सीटखालचं ते पेडल दाबून सीट फिरते. माझ्या लेखी दुप्पट भाडं म्हणजे त्या पेडलचं भाडं.

आणि मागच्या फेरीत नेमकं तेच अडकलं. सीट अर्धवट हलली आणि थांबली. जोर लावला, सोबतच्या दोघांनी लावला. डब्यातल्या मुलाला बोलावलं, तो चांगला होता बिचारा, पण त्याच्या हातात काही नव्हतं. पुढच्या मोठ्या स्टेशनावर माणूस येईल म्हणाला. ते स्टेशन गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर आम्ही गाडीतच असताना मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. माय पुन्हा डोळे मिटून, पदर तोंडाला. दुप्पट पैसे देऊन उलटं बसणं. फरकाचे पैसे परत मागितले आहेत. एसी बंद पडला तर भाड्यातला फरक परत मिळायचा नियम आहे. सीट फिरली नाही तर काय, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या एका गोष्टीसाठी मी वरचा वर्ग घेतला ती मिळाली नसेल, तर मी खालच्या वर्गाचंच भाडं देणं लागतो.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या डब्यात एका फिटरदादाशी बोलायला मिळालं. त्यानं दोन मिनिटांत जे दाखवलं ते डब्यात कुठंतरी चिकटवायला हवं होतं. दोन सीटांची जोडी एकत्र फिरते, म्हणून दोघांनीही उठायचं. पाठ आधी पूर्ण सरळ करायची, कललेली असेल तर मागच्या सीटला अडते. पायाची पट्टी आत घ्यायची, खाली ठेवलेली पिशवी काढायची. मग पेडल शेवटपर्यंत दाबून धरायचं आणि मध्ये न थांबता फिरवायचं. आमची सीट खरोखरच बिघडलेली होती, हे त्याच्याही बोलण्यात आलं, पण अर्ध्या तक्रारी कललेल्या पाठीच्या असतात म्हणाला. जोडी एकत्र फिरते ही गोष्ट एकट्यानं जाणाऱ्यानं लक्षात ठेवावी. शेजारचा झोपला असेल किंवा उठायला तयार नसेल, तर तुमची फिरती सीट फिरत नाही.

आता थोडं भाड्याबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. २०२० च्या मार्चपर्यंत ५८ वर्षांपुढच्या बाईला भाड्यात ५० टक्के सूट होती, साठीपुढच्या पुरुषाला ४० टक्के. ती बंद झाली ती झालीच. नवे वर्ग मात्र येत राहिले. २०१३ च्या रेल्वे अर्थसंकल्पात शताब्दीसाठी 'अनुभूती' नावाच्या खास डब्याची घोषणा झाली, पुढे काचेच्या छताचा, मोठ्या खिडक्यांचा व्हिस्टाडोम डबा आला. २०२१ मध्ये मुंबई–पुणे डेक्कन एक्सप्रेसला तो लागला, त्यातही फिरत्या सीटा आहेत. डोंगर बघणाऱ्याला सीट फिरवून मिळते, चांगली गोष्ट आहे. पण दवाखान्यासाठी, नातवंडांसाठी दिवसभर बसून जाणाऱ्या म्हातारीला सुलट तोंडाची जागा हवी असेल तर ती दुप्पट भाड्यातच का? नागपूर–बिलासपूर वंदे भारत डिसेंबर २०२२ मध्ये १६ डब्यांची सुरू झाली आणि प्रवासी पुरेसे नाहीत म्हणून मे २०२३ मध्ये ८ डब्यांवर आणली. त्याच वर्षी जुलैत रेल्वे बोर्डानं रिकाम्या जाणाऱ्या चेअर कार आणि ईसीत २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा दिली. याचा अर्थ वरच्या भाड्याला आपल्या भागात मर्यादा आहे, हे तिथेही माहीत आहे.

मला सूट नको असं नाही, पण त्याआधी फुकटात होणारं एक काम करा. सीसीच्या तिकिटावर दिशेचा एक रकाना ठेवा. रात्रीच्या गाडीत ४५ वर्षांपुढच्या बाईला आणि साठीपुढच्या पुरुषाला खालचा बर्थ देण्याची सोय संगणकात आहेच. त्याच धर्तीवर म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायांना सुलट तोंडाची अर्धी बाजू द्या. कुठल्या फेरीला कुठली रांग सुलट असते हे गाडी चालवणाऱ्यांना ठाऊक असतं. यासाठी ना नवा डबा बांधावा लागत, ना पेडल बसवावं लागत.

तोवर माझा सल्ला असा. एकटे असाल, धडधाकट असाल, तर ईसीवर पैसे घालू नका. सीसी घ्या आणि उरलेल्या पैशात घरच्यांसाठी काहीतरी न्या. चौघं असाल तर ईसीत एक जोडी फिरवून समोरासमोर बसता येतं, डबा मधे ठेवून जेवता येतं, लहान पोरं नजरेसमोर राहतात. त्या एका सुखासाठी कधीतरी, लग्नकार्याच्या निमित्तानं, घ्यायला हरकत नाही. सोबत मळमळणारं माणूस असेल तर आधी सीसीच घ्या. चढल्या चढल्या सीटाचं तोंड बघा, आणि उलटं असेल तर गाडी हलायच्या आत टीसीला गाठा. सुरुवातीच्या स्टेशनावर डबा निम्मा रिकामा असतो, तेव्हा दोन सीटा बदलून देणं त्याला सोपं जातं. पुढच्या दोन-तीन स्टेशनांत डबा भरला की त्याच्याही हातात काही राहत नाही. हे मी एका फेरीत करून पाहिलं. टीसीनं मायच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता जागा दिली.

आणि प्रवास दहा-बारा तासांचा असेल तर रात्रीच्या थर्ड एसीचा विचार सोडू नका. झोपलेल्या माणसाला उलट-सुलटचा त्रास फार कमी होतो, आणि ईसीच्या भाड्यात तिकीट काढून वर बरेच पैसे उरतात. मायची पुढची फेरी संक्रांतीनंतर आहे. तिला रात्रीची गाडी आवडत नाही, तरी यावेळी मी खालच्या बर्थचं तिकीट बघतो आहे. मिळालं नाही तर सीसी, आणि फलाटावर अर्धा तास आधी.