डक्ट टेपने बांधलेला पंखा : 10 पैकी 8 गुण

मी मिरजेची. शाळेत 31 वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि दमा त्याहून जुना. 7 जून 2023 ला मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला होते. भर दुपारी उजेड नारिंगी, हवेला जळक्या लाकडाचा वास. वणवे कॅनडात, क्वेबेकच्या जंगलात. धूर आमच्या अंगणात. चुलीपुढे वाढलेली बाई मी, "एवढं काय त्यात?" म्हणत होते. संध्याकाळी छाती घरघरायला लागली तेव्हा मुकाट इन्हेलर ओढला.

जवळच्या दुकानांत एअर प्युरिफायर संपलेले. मग सुनेनं कॉर्सी-रोझेंथल बॉक्स, म्हणजे हवा गाळायचा घरगुती खोका, बांधला. चार बाजूंना मर्व्ह-13 दर्जाचे, म्हणजे बारीक कण धरणारे, चार फिल्टर, खाली पुठ्ठा, वर 20 इंची चौकोनी पंखा, सगळं डक्ट टेपनं घट्ट. खर्च 100 डॉलरच्या आत. एका फिल्टरवरचा बाण तिनं बाहेर केला होता. हवा फिल्टरमधून आत शिरते आणि पंख्यातून वर जाते, म्हणजे बाण आतच हवा. "आई, तुमची शाळा काही सुटत नाही," म्हणाली, पण टेप उचकटला. पंख्यावर गोल भोक पाडलेला पुठ्ठाही मीच लावायला सांगितला. नाहीतर कोपऱ्यांतून हवा उलटी आत येते.

बेडरूमचं दार लावून चालवला. पीएम 2.5 चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं, मीटर 118 वरून पाऊण तासात 26 वर आलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

एक गुण कापला तो आवाजाचा. पिठाच्या गिरणीशेजारी बसल्यासारखं वाटतं. दुसरा वासाचा : असे फिल्टर कण धरतात, वायू नाही. शिवाय पंखा तापेल म्हणून रात्रभर चालू ठेवून झोपायची मला धास्ती. म्हणून झोपेआधी दोन तास चालवायचा, मग बंद. सुरक्षेसाठी पंखाही नवा, 2012 नंतरचा घ्यावा, जुना माळ्यावरचा नको.

आणि हो, फोडणी! मोहरी तडतडली की मीटर भडकायचं. एक्झॉस्ट लावावा तर घरातली हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी फटींतून धूर येतो. दोन दिवस दहीभात खाल्ला, वरून फोडणी न घालता.

निघताना मुलगा बॉक्स मोडायला निघाला. मी पंखा गॅरेजात ठेवायला लावला. फिल्टर मात्र टाकून दिले. आणले तेव्हा पांढरे होते, आता करडे.